तीन सेमिस्टरनंतर नाव कापलं, अपिलाला १० दिवस आहेत. अर्जात काय लिहायचं?

रामबागची मावशी:

भाचा इथेच इंदूरला एका खाजगी विद्यापीठात बीएससीला आहे, नव्या धोरणाचा चार वर्षांवाला कोर्स. परवा ईमेल आली की नाव पटावरून कमी केलं आहे. त्यांच्या ऑर्डिनन्समध्ये (विद्यापीठाच्या नियमावलीत) असं आहे: सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांची मिळून ग्रेडची सरासरी, ५ च्या खाली गेला की दोन सेमिस्टर प्रोबेशन (सुधारण्याची मुदत), आणि प्रोबेशन संपताना तो ५ वर आला नाही तर नाव रद्द. अपील १० दिवसांत, डीन अकॅडमिक्सकडे.

आकडे असे: पहिलं सेमिस्टर ४.८०, दुसरं ४.२०, तिसरं ३.९०. दर सेमिस्टरला २० क्रेडिट. चार विषय राहिलेत, चारही ४ क्रेडिटचे: पहिल्यातलं गणित, दुसऱ्यातला एक, तिसऱ्यातले दोन. तिसऱ्याच्या परीक्षेच्या वेळी त्याला डेंग्यू झाला, ९ दिवस भरती होता, ते दोन पेपर त्यातच गेले. गणिताची बॅकही (राहिलेल्या विषयाची पुन्हा परीक्षा) तेव्हाच द्यायची होती, तीही राहिली. मार्कशीटवर तिन्ही ठिकाणी अनुपस्थित लिहून आलं आहे.

भाऊजींचं म्हणणं, सरळ वकिलाची नोटीस पाठवू. एका नेत्याचं शिफारसपत्रही मिळून राहिलं आहे. मुलाने जो अर्ज लिहिला आहे त्यात "मी आता मन लावून अभ्यास करीन, एक संधी द्या" एवढंच आहे. मला तो फार पोकळ वाटतो. कोणाला यातलं नेमकं माहीत असेल तर सांगा. तोवर त्याने वर्गात बसावं का? आणि अपील फेटाळलं तर तीन सेमिस्टर पाण्यात का?

क्रेडिटमोजणी:

ताई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत टाकली आहे. चार शून्यांपैकी तीन एकाच तापाची आहेत. अर्ज यावरच उभा करायचा. "मन लावून अभ्यास" हे वाक्य समितीसमोर येणाऱ्या प्रत्येक अर्जात असतं, ते कोणी वाचतही नाही.

आधी हिशोब करू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १० गुणांच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसता पास ४, आणि एफ किंवा अनुपस्थित दोन्हीला ०. विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. तुमच्या भाच्याचं: ९६ अधिक ८४ अधिक ७८ म्हणजे २५८ पॉइंट, भागिले ६०, सीजीपीए ४.३०.

आता शून्यं बाजूला काढून बघा. पहिल्या सेमिस्टरला तो १६ क्रेडिट पास झाला, तिथली सरासरी ६. दुसऱ्यात १६ क्रेडिट, सरासरी ५.२५. तिसऱ्यात १२ क्रेडिट, सरासरी ६.५. म्हणजे ज्या पेपरांना तो बसला, त्यांत त्याचं सगळ्यात चांगलं सेमिस्टर तिसरंच आहे, ज्याच्यामुळे नाव कापलं गेलं. हे वाक्य अर्जात आकड्यांसकट यायलाच हवं. गाडी घसरत चालली आहे असं मार्कशीटवर दिसतं, आतून ती सुधारते आहे.

पुढची पायरी. डेंग्यूत गेलेल्या तीन पेपरांची विशेष परीक्षा मिळाली आणि तिन्हींत तो नुसता पी घेऊन पास झाला, तरी १२ गुणिले ४ म्हणजे ४८ पॉइंट वाढतात. ३०६ भागिले ६०, ५.१०. मर्यादा पार. सी मिळाला तर ५.३०. म्हणून पहिली मागणी ही: त्या तीन पेपरांची विशेष किंवा पूरक परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल लागेपर्यंत नाव कमी करण्याचा आदेश स्थगित ठेवावा.

दुसरी मागणी पर्यायी, पण तिच्यातच बहुतेक लोक चुकतात. विशेष परीक्षा नाकारली तर प्रोबेशन वाढवून मागायचं. किती? सगळे घाबरून "फक्त एक सेमिस्टर द्या" असं लिहितात. करून बघा. चौथं सेमिस्टर ६ च्या सरासरीने काढलं, म्हणजे १२० पॉइंट. त्याच परीक्षेत दुसऱ्या सेमिस्टरची बॅक सी ने काढली, २० पॉइंट. बेरीज ३९८, भागिले ८०, सीजीपीए ४.९८. दोन पॉइंटांनी गेलं! कारण पहिल्या आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या बॅक बहुतेक ठिकाणी विषम सेमिस्टरच्या परीक्षेबरोबरच होतात, त्या तीन पेपरांचं शून्य तोवर अंगावरच राहतं. दोन सेमिस्टर मिळाली तर पाचव्यात त्या तीन पेपरांचे ६० आणि पाचव्याचे स्वतःचे १२० धरून ५७८ भागिले १००, ५.७८. तेव्हा मागायचं तर दोन सेमिस्टर, आणि का ते याच बेरजेने दाखवून.

दोन गोष्टी ऑर्डिनन्समध्ये तपासा. काही ठिकाणी बॅकमध्ये मिळणाऱ्या ग्रेडला वरची मर्यादा असते. आणि काही ठिकाणी सीजीपीए फक्त पास झालेल्या क्रेडिटवर काढतात. तसं तुमच्याकडे असेल तर २५८ भागिले ४४, म्हणजे ५.८६ येतात आणि आदेशच चुकला. शक्यता कमी आहे, पण कलम वाचल्याशिवाय अर्ज टाइप करायला बसू नका.

नियमवाला:

हिशोब पटला. मी कागद आणि पायऱ्यांचं सांगतो.

१० दिवस कधीपासून, आणि ते कामाचे दिवस की नुसते दिवस, हे ईमेलमध्ये नसेल तर साधे दिवस धरा आणि ईमेलच्या तारखेपासून मोजा. अर्ज सातव्या दिवशी हातात द्या. आवक शाखेत दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती परत आणायची. त्याच दिवशी तीच पीडीएफ ईमेलनेही पाठवायची. आवकवाले "साहेब आल्यावर देतो" म्हणाले तर स्पीड पोस्ट करा, पोचपावतीसह. (रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, खिडकीवर वेगळं मागू नका.)

मराठी माणसाची एक खास चूक सांगतो. आपल्याकडे कुलगुरू म्हणजे व्हाइस चान्सलर आणि कुलपती म्हणजे त्याच्या वरचा. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं व्हाइस चान्सलरलाच कुलपति म्हणायचे आणि वरच्याला कुलाधिपति. २०२४ मध्ये सरकारने इथेही कुलगुरु केलं. जुन्या ऑर्डिनन्समध्ये अजून कुलपति छापलेलं सापडेल, ते वाचून अपील थेट वरच्या मजल्यावर पाठवू नका. तुमचं पहिलं अपील डीनकडेच आहे, प्रत कुलगुरूंना.

डीनने नकार दिला तर पुढचा दरवाजा आहे यूजीसीच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांचा. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते: अध्यक्ष प्राध्यापक, चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. खाजगी विद्यापीठालाही हे लागू आहे. (आयआयटी आणि आयआयएमला नाही, त्यांचं राज्य वेगळं.) समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यायची. पण ऑनलाइन पोर्टलवर टाकलेली तक्रार समितीकडे सरकवायलाच संस्थेला १५ दिवस मिळतात, हे लक्षात घेऊन आधीच हालचाल करा. समितीसमोर मुलगा स्वतः जाऊ शकतो किंवा कोणाला प्रतिनिधी नेमू शकतो.

समितीचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. त्यांनी ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. इथे एक खाच आहे. लोकपाल पेपर पुन्हा तपासण्याचा अर्ज घेतच नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच घेतात. म्हणून तक्रारीत "मार्क कमी दिले" हा शब्दही नको. तक्रार अशी लिहा की वैद्यकीय कारणाने अनुपस्थित विद्यार्थ्याबाबत संस्थेच्या स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये जी तरतूद आहे ती विचारात न घेता आदेश काढला. ती तरतूद जवळपास प्रत्येक ऑर्डिनन्समध्ये परीक्षेच्या प्रकरणात असते, प्रोबेशनच्या प्रकरणात नसते. तिथे शोधा.

वकिलाच्या नोटिशीबद्दल: आत्ता नको. नोटीस गेली की फाइल डीनच्या टेबलावरून उठून विद्यापीठाच्या वकिलाकडे जाते आणि जो निर्णय दहा मिनिटांत झाला असता तो महिनाभर लोंबकळतो. शिवाय कोर्टाची भूमिका जुनी आणि पक्की आहे. जेएनयू विरुद्ध नरवाल या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अभ्यासातली प्रगती असमाधानकारक म्हणून नाव कमी केलं तर शिस्तभंगासारखी सुनावणी देणं बंधनकारक नाही. आणि नियमात नसताना फेरतपासणी हा हक्क नाही, हे १९८४ मध्ये महाराष्ट्र बोर्डाच्या प्रकरणात सांगितलं. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका होऊ शकते, पण ती टिकते संस्थेने आपलाच नियम मोडला असेल तेव्हा. तो मुद्दा आधी अपिलात लेखी आलेला असला पाहिजे.

नेत्याचं पत्र घरीच ठेवा. समितीत बसलेल्या प्राध्यापकांना ते दडपण वाटतं, आणि ज्यांना वाटत नाही त्यांना राग येतो.

रामबागची मावशी:

दोघांचे आभार. ४.९८ बघून पोटात गोळाच आला, आम्ही खरंच एक सेमिस्टर मागणार होतो. परीक्षा विभागाला तेव्हा लेखी काही दिलेलं नाही. मुलाने भरती असतानाच क्लास कोऑर्डिनेटरला व्हॉट्सअॅप केलं होतं, त्यांचं "गेट वेल सून" आलेलं आहे. डिस्चार्ज कार्ड आणि प्लेटलेटचे रिपोर्ट आहेत. ओळखीचे डॉक्टर म्हणतात आणखी १५ दिवस बेड रेस्टचं सर्टिफिकेट करून देतो. घेऊ का?

क्रेडिटमोजणी:

अजिबात नको. नंतर बनवलेलं सर्टिफिकेट अख्खं प्रकरण बुडवतं. डिस्चार्ज कार्डवर भरती आणि सुट्टीची तारीख आणि वेळ असते, रोजच्या प्लेटलेट रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ छापलेली असते. त्याहून मोठा पुरावा नाही. त्याला आज लिहिलेलं बेड रेस्ट जोडलं की समिती तारखा ताडून बघते आणि खऱ्या कागदावरही शंका येते.

व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असा घ्या, फक्त तो निरोप आणि त्याचं उत्तर. परीक्षा विभागाला न कळवणं ही चूक झाली आहे, ती लपवू नका. दोन ओळींत कबूल करा, नाहीतर समिती तेच पहिलं विचारेल.

अर्ज दीड पानाचा, त्यापुढे नाही. मधला भाग साधारण असा बसेल (तिकडे हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचा असेल तर तसा करून घ्या):

"तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेत मी दोन विषयांना आणि पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या बॅकला अनुपस्थित होतो. तिन्ही पेपरांच्या दिवशी मी डेंग्यूमुळे रुग्णालयात होतो. पेपरच्या आणि भरतीच्या तारखांचा तक्ता जोडपत्र १ मध्ये, डिस्चार्ज कार्ड जोडपत्र २ मध्ये आहे. मी क्लास कोऑर्डिनेटरना त्याच वेळी कळवलं (जोडपत्र ३), परंतु परीक्षा विभागाला लेखी कळवायचं राहिलं, ही माझी चूक आहे. या सेमिस्टरमध्ये मी दिलेल्या १२ क्रेडिटची सरासरी ६.५ आहे, पहिल्या दोन सेमिस्टरपेक्षा जास्त. तिन्ही अनुपस्थित पेपरांत किमान पी ग्रेड मिळाल्यास सीजीपीए ५.१० होतो (हिशोब जोडपत्र ४)."

यानंतर पहिल्या दोन सेमिस्टरचं काय, हे सांगावंच लागेल. तिथे डेंग्यू नव्हता. गणित आणि दुसरा विषय का गेला हे मुलाकडून खरं काढा: माध्यम बदललं, प्रॅक्टिकल फाइल दिली नाही, हजेरीमुळे इंटर्नल कमी पडले, काहीही असो. इंटर्नल आणि एक्सटर्नल मार्क वेगवेगळे बघा. इंटर्नलला २० पैकी ५ आणि एक्सटर्नल ठीक असेल तर रोग हजेरीचा आहे, अभ्यासाचा नाही, आणि उपायही वेगळा. मग उपाय नावानिशी: कोणत्या विषयाच्या शिक्षकांकडे आठवड्यातून कोणत्या दिवशी, कोणता ऐच्छिक विषय या सेमिस्टरला सोडला. शिक्षकांनी "हो, येऊन बसू दे" एवढं दोन ओळींत लिहून दिलं तर ते जोडा. ते नेत्याच्या पत्रापेक्षा भारी.

सुनावणीला बोलावलं तर मुलानेच बोलायचं. आईवडील आत गेलेच तर गप्प बसायचं. "मग तेव्हा का नाही कळवलंस?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवायला सांगा.

गीताभवनकर:

राहिलेल्या प्रश्नांचं सांगतो.

वर्गात बसावं का? बसावं, पण आधी लेखी विचारून. अपिलाच्या अर्जातच तिसरी मागणी घाला: निर्णय होईपर्यंत वर्गात बसण्याची आणि चौथ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरण्याची तात्पुरती परवानगी. नुसतं बसला तर पोर्टलवर नाव नसतं, हजेरी चढत नाही, आणि अपील जिंकूनही हजेरीच्या ७५ टक्क्यांच्या अटीत डिटेन होतो, म्हणजे परीक्षेला बसू देत नाहीत. शिक्षकांना विनंती करून रोजची हजेरी कागदावर सही करून घेतलेली बरी. सेमिस्टरची फी भरायला सांगितली तर पावतीवर किंवा सोबतच्या ईमेलमध्ये "अपिलाच्या निर्णयाच्या अधीन" असा उल्लेख करा.

तीन सेमिस्टर पाण्यात जात नाहीत. तो १६, १६ आणि १२, असे ४४ क्रेडिट पास झाला आहे. डिजिलॉकरमध्ये त्याच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात (मिळवलेले क्रेडिट जमा राहतात ते ऑनलाइन खातं) ते दिसतात का, हे आजच बघा. नसतील तर परीक्षा विभागाला चढवायला लावा, नाव कमी झाल्यावर हे काम कोणी पटकन करत नाही. तिथले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात, ते किती मान्य करायचे हे मात्र घेणारी संस्था ठरवते.

एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचा विचार असेल तर तो आत्ता जमत नाही. त्याला पहिल्या दोन सेमिस्टरचे ४० आणि वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स लागतो. त्याचे पहिल्या वर्षाचे ३२ च झाले आहेत.

दुसरीकडे प्रवेश घ्यायचा तर टीसी (सोडल्याचा दाखला) आणि माइग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागेल. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हे यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. टीसी मात्र अपील चालू असेपर्यंत मागू नका. टीसीचा अर्ज म्हणजे तुम्ही आदेश मान्य केला, असा अर्थ लावतात.

नियमवाला यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. दुसऱ्या सेमिस्टरचा जो विषय खरोखर नापास झाला आहे, त्याची उत्तरपत्रिका बघायला काय हरकत आहे? आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते असं सांगितलं आहे. १० रुपये फी, ३० दिवस.

नियमवाला:

सरकारी विद्यापीठ असतं, देवी अहिल्यासारखं, तर मीही तेच म्हणालो असतो. खाजगी विद्यापीठ बहुतेक वेळा "आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही" म्हणून अर्ज परत करतं. मग भोपाळच्या खाजगी विद्यापीठ विनियामक आयोगाकडे अर्ज करून, तुमच्या अधिकारात येणारी माहिती मागवून द्या, असं म्हणावं लागतं. तो रस्ता आहे, पण ३० दिवसांचा, आणि ताईंकडे सात आहेत. विद्यापीठाची स्वतःची उत्तरपत्रिका दाखवण्याची सोय असेल तर ती वापरा, तीही मुदत संपली नसेल तर. अपिलात तो विषय घुसवू नका एवढंच माझं म्हणणं.

रामबागची मावशी:

ऑर्डिनन्स मिळालं. परीक्षेच्या प्रकरणात खरंच आहे: रुग्णालयात भरती असल्यास १५ दिवसांत अर्ज केल्यावर कुलगुरु विशेष परीक्षेची परवानगी देऊ शकतील. पण ते १५ दिवस केव्हाच गेले.

नियमवाला:

मग मागणीत एक ओळ वाढवा: उशीर माफ करून अर्ज दाखल करून घ्यावा. उशीर किती दिवसांचा ते मोजून लिहा, त्यातले रुग्णालयातले ९ दिवस वेगळे दाखवा, आणि उरलेल्यांचं खरं कारण द्या. "शकतील" म्हटलं आहे म्हणजे अधिकार कुलगुरूंचा आहे, डीनचा नाही. तेव्हा ही मागणी वेगळ्या कागदावर कुलगुरूंच्या नावाने, अपिलासोबत त्याच दिवशी आवक करा, आणि दोन्हींत एकमेकांचा आवक क्रमांक पेनने टाका.